परसातल्या धीट पक्ष्यांचे जवळून फोटो: पाणी, फांदी, उजेड आणि नेमकं अंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर गुहागरकडे, मागे नारळी-पोफळीचं आगर. परसात लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंजीर आणि साळुंक्या इतक्या सरावल्या आहेत की दोन-अडीच मीटरवर माणूस बसला तरी उडत नाहीत. हाताशी क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची लेन्स. पक्षी एवढा जवळ, तरी फोटो मऊ येतात. चोच स्पष्ट तर डोळा धूसर, मागे झावळ्यांचं गचपण, आणि दयाळाचं पोट नुसतं पांढरंफटक. मोठी लेन्स घ्यावी का?

घेऊ नका, निदान इतक्यात नको. या तक्रारींपैकी एकही मोठ्या लेन्सने जात नाही, उलट पहिली वाढते. पक्षी सरावलेले आहेत म्हणजे सगळ्यात अवघड काम आधीच झालं आहे. आता पक्षी बसेल तिथे कॅमेरा नेणं थांबवा. उजेड, मागचा पडदा आणि अंतर तुम्हाला हवं तसं मिळेल अशी एक जागा आधी ठरवा आणि पक्ष्याला तिथे यायला कारण द्या. परसात हे जमतं, रानात जमत नाही. परसाचा खरा फायदा हाच.

आधी अंतराचा हिशेब, कारण मऊपणाचं मूळ तिथे आहे. क्रॉप सेन्सरवर ३०० मिमीने २ मीटरवरचा पक्षी टिपला तर चौकटीत जेमतेम १३ सेंटीमीटर रुंदीचा तुकडा मावतो. बुलबुल शेपटीसकट २० सेंटीमीटरचा, त्यामुळे तो कापला जाणारच. शिवाय एफ/५.६ ला (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या उघडझापीचा आकडा; तो मोठा तितकं तोंड लहान) स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ८-९ मिलिमीटर जाडीचा असतो. बुलबुलाच्या चोचीच्या टोकापासून डोळ्यापर्यंतच दीड-दोन सेंटीमीटर भरतात. पक्षी तुमच्याकडे तोंड करून बसला तर एक काहीतरी धूसर राहणार, आणि कॅमेरा बहुधा पुढची वस्तू, म्हणजे चोच, पकडतो. हातात कॅमेरा धरून बसलेला माणूस श्वासागणिक अर्धा-एक सेंटीमीटर पुढे-मागे झुलतो, म्हणजे तेवढ्यानेच अख्खा पट्टा सरकतो.

आता तेच ३ मीटरवर न्या. चौकट २१ सेंटीमीटरची होते, एफ/८ ला पट्टा जवळपास ३ सेंटीमीटरचा. ४ मीटरवर चौकट २९ आणि पट्टा ५ सेंटीमीटरचा. (हे आकडे गणिताचे. जवळच्या फोकसला बऱ्याच झूम लेन्सची लांबी थोडी कमी होते, त्यामुळे प्रत्यक्षात चौकट जराशी मोठी मिळते.) म्हणून बुलबुल, दयाळ आणि साळुंकीसाठी ३.५ ते ४ मीटर, आणि दहा सेंटीमीटरच्या शिंजीर, चष्मेवाला किंवा मनोलीसाठी २ ते २.५ मीटर. याहून जवळ जाण्यात शौर्य असेल, फोटो नसतो. पक्षी फांदीवर आडवा, सेन्सरला समांतर बसला तर पातळ पट्ट्यातही चोच, डोळा आणि पंख तिन्ही येतात. तो आडवा बसावा ही व्यवस्था आपल्याला करता येते, ते पुढे फांदीच्या भागात.

मऊपणाला आणखी दोन कारणं आहेत. स्वस्त ७०-३०० लेन्स ३०० च्या टोकाला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर मऊच असतात. २५०-२८० मिमी आणि एफ/८ वर तीच लेन्स ओळखू येणार नाही इतकी सुधारते. दुसरं म्हणजे शटर. शांत बसलेला बुलबुलसुद्धा मान झटक्याने वळवतो. १/२५० सेकंदाला शरीर स्पष्ट आणि डोकं हललेलं येतं, आणि दोष फोकसला दिला जातो. बसलेल्या पक्ष्याला १/८०० धरा, अंघोळीचे थेंब गोठवायचे तर १/१६००, उडी किंवा झेप हवी तर १/२५०० च्या पुढे.

हे शटर मिळायला उजेड लागतो, आणि पोफळीखाली तो नसतो. डोळ्याला कळत नाही, पण मोकळ्या आभाळाखालची सावली आणि पोफळीखालची सावली यांत सहज तीन स्टॉपचा, म्हणजे उजेडाचा आठपट फरक पडतो. एफ/८ आणि १/८०० ला मोकळ्या सावलीत आयएसओ (सेन्सरची उजेड पकडण्याची तीव्रता) १२००-१६०० पुरतं. पोफळीच्या आत तेच १०,००० वर जातं आणि पिसांचा पोत दाण्यांत विरघळतो. त्यामुळे फोटोची जागा आगराच्या आत न ठेवता कडेला ठेवा, जिथे डोक्यावर आभाळ आहे.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे घराची स्वतःची सावली. सकाळी घराच्या पश्चिमेचं अंगण किंवा खळं साडेनऊ-दहापर्यंत सावलीत असतं, पण वरून मोकळं असतं. उजेड मऊ, सगळीकडून सारखा, आणि पक्ष्याच्या डोळ्यात आभाळाचा पांढरा ठिपका पडतो. बुलबुलाचं डोकं काळं आणि डोळा काळसर. हा ठिपका नसेल तर डोळा आहे की नाही हेच कळत नाही. दुपारनंतर हीच सोय पूर्वेच्या बाजूला मिळते. ठिपका तरीही पडत नसेल तर कॅमेऱ्याच्या पुढे जमिनीवर मीटरभर पांढरं धोतर किंवा जुनी चादर अंथरा. पोटाखालची सावलीही उजळते. एप्रिल-मेत चादरीवर ऊन पडू देऊ नका, चकाकीने पक्षी बिचकतात.

टाळायचा उजेड एकच, झावळ्यांतून गळणारं ठिपक्या-ठिपक्यांचं ऊन. दिसायला सुरेख, पण पक्ष्याच्या पाठीवर एक जळका पट्टा आणि शेजारी एक काळा, आणि वारा आला की दोन्ही हलणार. असला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही.

आता पाणी. परसात पक्षी ठरल्या जागी आणायला दाण्यापेक्षा पाणी बरं, कारण दाण्याला दाणे खाणारेच येतात, पाण्याला सगळे येतात. शिंपी, चष्मेवाला, नाचण, आणि हिवाळ्यात एखादा पाहुणा माशीमारही. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत याला तोड नाही.

मातीची पसरट परळ घ्या, ३०-४० सेंटीमीटर व्यासाची, आतून खडबडीत. प्लॅस्टिक आणि स्टील नको. त्यावर पाय घसरतो आणि पक्षी काठावरूनच पाणी पिऊन जातो, अंघोळीला उतरत नाही. काठाशी पाणी १ सेंटीमीटर, मध्ये जास्तीत जास्त ४-५. जुनी दगडी डोण असेल तर ती देखणी, पण खोल. तिच्यात जांभ्याचे तुकडे भरून वर तीनेक सेंटीमीटर पाणी राहील असं करा. शिंजीर भांड्यात फारसा उतरत नाही, त्याला ओल्या पानांवर अंग घासायला आवडतं. त्याच्यासाठी परळीशेजारी केळीचं किंवा अळवाचं पान ठेवून त्यावर पाणी शिंपडा. जुन्या करवंट्या टांगण्याची टूम सध्या दिसते. पाणी प्यायला चालते, फोटोला नाही, कारण ती झुलते आणि पक्षी तिच्या आत अर्धा लपतो.

साचलेल्या पाण्यापेक्षा ठिबकणारं पाणी पक्ष्यांना लांबून कळतं. दोन लिटरची बाटली वर उलटी टांगा, तिला औषधाच्या दुकानात मिळणारी सलाईनची नळी जोडा आणि बाटलीच्या बुडाला, जे आता वर येईल, हवेसाठी टाचणीएवढं भोक पाडा. नळीच्या चाकाने सेकंदाला एक थेंब असा वेग ठेवा. नेहमीच्या सलाईन सेटला वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे तासाला १८० मिलिलिटर. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळपर्यंत पुरते. थेंब परळीच्या पुढच्या, तुमच्याकडच्या अर्ध्या भागात पडू द्या, म्हणजे पक्षी पाण्याकडे वळतो तेव्हा त्याचं तोंड किंवा कड तुमच्याकडे येते. नळी चौकटीच्या वर राहील एवढी उंच बांधा.

पाणी रोज बदला आणि दर दोन-तीन दिवसांनी परळ काथ्याने घासा, साबण न लावता. डासाच्या अंड्यापासून डास उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून रोज बदललेल्या पाण्यात डास होत नाहीत. पाच दिवस विसरलेल्या परळीत अळ्या वळवळताना दिसतील. शेवाळलेल्या आणि विष्ठा पडलेल्या भांड्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात. पिसं फुगवून, डोळे मिटून, माणूस जवळ आला तरी न उडणारा पक्षी दिसला तर तो धीट झालेला नाही, आजारी आहे. आठ-दहा दिवस दाणा-पाणी बंद करून भांडी उन्हात वाळवा.

परळ जमिनीवर ठेवू नका. चिऱ्यांच्या चार थरांवर, साधारण पाऊण मीटर उंचीवर ठेवा. मांजराला अवघड जातं आणि बसक्या स्टुलावर बसलं की लेन्स बरोबर पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत येते. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि मागे माती, एवढंच मिळतं. झुडूप परळीपासून २-३ मीटरवर असावं. त्याहून जवळ असेल तर मांजर त्यातूनच झेपावतं, फार लांब असेल तर शिकरा आला की पक्ष्याला लपायला जागा नाही.

फांदी. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी जवळ कुठेतरी बसतो, खाली-वर बघतो, मग उतरतो. हे दहा-वीस सेकंद म्हणजे तुमचा फोटो. परळीपासून ३०-४५ सेंटीमीटरवर, थोडी वर, एकच फांदी द्या. आजूबाजूला दोरी, कुंपणाची तार किंवा दुसरी डहाळी असेल तर पक्षी नेमका तिथे बसतो, म्हणून ती काढा. शिंजिराला पेन्सिलीहून बारीक, ४-६ मिलिमीटरची डहाळी लागते. बुलबुलाला बोटाएवढी, तांबटाला जाड आणि उभट. गुळगुळीत बांबू नको, तो फोटोत पाइपासारखा दिसतो. आंब्याची शेवाळ धरलेली वाळकी डहाळी किंवा करवंदीची काटकी सुरेख दिसते. चिऱ्यात पहारीने भोक पाडून त्यात रोवा, किंवा खुंटाला सुंभाने घट्ट बांधा. हलणाऱ्या फांदीवर पक्षी टिकत नाही. फांदी तुमच्या नजरेला अगदी आडवी ठेवू नका. पक्षी फांदीशी काटकोनात बसतो, त्यामुळे तशी ठेवली तर तो तोंड किंवा पाठ दाखवतो. एक टोक तुमच्याकडे करून, नजरेच्या रेषेशी तीस-चाळीस अंशांत ठेवली की अंग चौकटीत बरंचसं आडवं येतं आणि मान वळवली की डोळा नेमका पट्ट्यात. आठ-दहा दिवसांनी फांदी बदला, नाहीतर सगळे फोटो एकाच झाडावर काढल्यासारखे होतात.

मागचा पडदा हे तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं उत्तर. गचपण दिसतं कारण झावळ्या पक्ष्याच्या मागे अर्ध्या-एक मीटरवर आहेत. फांदीच्या मागे निदान ४-५ मीटर मोकळं सोडा. त्यापलीकडे केळी असल्या तर गुळगुळीत हिरवा रंग मिळतो, जांभ्याचा गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) असला तर विटकरी, ओला असताना गडद. आभाळ मात्र मागे नको. पांढऱ्या आभाळापुढे पक्षी काळी आकृती होतो. बसण्याची जागा एक फूट डावी-उजवीकडे सरकवली की मागचं सगळं चित्र बदलतं. पक्षी यायच्या आधी फांदीवर हातमोजा अडकवून दोन-चार चाचणी फोटो काढा. मागे उजेडाचे गोल गोल चट्टे दिसले तर सरका.

प्रत्येक पक्ष्याला वेगळी वागणूक लागते, पण इथे दोघांचंच सविस्तर.

दयाळ. नर काळा-पांढरा, मादीचा काळा भाग राखी. सावलीतल्या हिरव्या-काळ्या चौकटीला कॅमेरा उजळ करतो आणि पांढरं पोट जळतं. जळलेल्या पांढऱ्यातून पिसं परत येत नाहीत, काळ्यातून मात्र बरीच वर काढता येतात. म्हणून एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), आणि पडद्यावर जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू. पोट लुकलुकत नाही एवढंच पाहा, पाठ काळी दिसली तर दिसू द्या. दयाळाला दाणा नको, त्याला किडे हवेत. झाडांची आळी शिंपली की तो येतोच. त्याची शिकारीची रीत ठरलेली: कमी उंचीवरून जमीन न्याहाळायची, खाली झेप, किडा उचलायचा, पुन्हा त्याच जागी. म्हणून नुकत्या शिंपलेल्या आळ्याच्या कडेला अर्धा मीटर उंचीचा खुंट रोवा आणि त्यावर आधीच फोकस करून ठेवा. पालापाचोळ्याचा ढीग खोऱ्याने एकदा उलटा केला तरी तेच घडतं. विकतच्या अळ्या आणून त्याला हातावर बोलवायचा प्रकार करू नका. माणसाच्या हाताला चटावलेला पक्षी शेजारच्या मांजराला आणि गलोलवाल्या पोरालाही तेवढाच जवळ जातो.

शिंजीर. नराचा जांभळा-हिरवा झगमगाट हा रंग नसून पिसांच्या बारीक रचनेवरून परतणारा उजेड आहे, म्हणून तो कोनावर अवलंबून असतो. उजेड पक्ष्याच्या मागून किंवा अगदी कडेने आला तर तोच पक्षी कोळशासारखा काळा. इथे मात्र मोकळी सावली सोडा आणि सकाळचं कोवळं ऊन तुमच्या पाठीमागून घ्या. जानेवारीत रत्नागिरीच्या बाजूला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, पण पूर्वेला डोंगर असेल तर परसात ऊन यायला आठ वाजतात, आणि साडेनऊनंतर ते कडक होतं. एवढाच वेळ. जांभळ्या शिंजिराचा नर विणीनंतर मादीसारखा फिका होतो, गळ्यावर फक्त गडद पट्टा उरतो. तेव्हा चमक नाही म्हणून सेटिंग बदलत बसू नका.

शिंजिराला साखरपाण्याची बाटली लावू नका. आपल्या दमट उष्म्यात ते पाणी दिवसाभरात आंबतं, बुरशी धरते, मुंग्या लागतात. जास्वंद, पेंटगूळ, हॅमेलिया आणि परसातलं केळफूल पुरेसं आहे. केळफुलाचं एकेक साल उचललं जातं तसतशी फुलांची नवी ओळ उघडी पडते आणि शिंजीर त्या ताज्या ओळीवरच येतो. रोज सकाळी कुठलं साल उचललंय ते बघून त्याच्या समोर बसा. तो खालून उलटा लटकतो, म्हणून कॅमेरा फुलापेक्षा थोडा खाली. आंब्यावरचं बांडगूळ बागायतदार काढून टाकतो, आणि कलमासाठी ते बरोबरच. पण परसातल्या एखाद्या जुन्या रायवळावर एक झुबका राहू दिला तर फुलं आल्यावर शिंजीर आणि फळं आल्यावर फुलटोच्या, दोघंही तिथे रोज येतात.

बुलबुल आणि तांबटाला पिकलेली पपई किंवा केळं. ताटलीत ठेवू नका, फोटोत ताटली येते. फांदीच्या पलीकडच्या बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी खोबण कोरून त्यात लिंबाएवढा गर दाबा. मनोली आणि चिमण्यांना नाचणी, बाजरी किंवा तांदळाच्या कण्या, मूठभरच. दोन तासांत संपतील एवढ्याच. दसऱ्याला दारावर बांधलेल्या नव्याच्या लोंब्यांवर चिमण्या आपोआप येतात, त्या कण्यांपेक्षा फोटोत शंभरपट बऱ्या. पाव, फरसाण आणि मिठाचं काहीही नको. रात्री उरलेल्या दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. याच कारणाने, पाचोळ्यात किंवा गडग्याच्या कडेला पालथं पडून फोटो काढायची हौस असेल तर आधी काठीने जागा हलवून घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांची कमतरता नाही आणि ते पाचोळ्यात दिसत नाही.

कावळे हा वेगळा ताप. काकबळीचा भात परसात ठेवायची रीत असेल तर तो पुढच्या अंगणात ठेवा. कावळा असेपर्यंत लहान पक्षी उतरत नाहीत.

पक्षी सरावलेले असले तरी ते तुम्हाला सरावले आहेत, तिपाईवरच्या काळ्या डोळ्याला नाही. ट्रायपॉड रिकामाच तीन-चार दिवस त्या जागी उभा ठेवा, वर काळ्या झाकणाचा डबा बांधून. मग त्या डब्याच्या जागी कॅमेरा येतो. बसायची वेळ रोज तीच, कपडे मळखाऊ, खुर्ची तीच. सहा-सात मीटरपासून सुरुवात करून रोज अर्धा मीटर पुढे सरका. पडवीची गजांची खिडकी हा उत्तम आडोसा आहे. आतून काळं कापड लावून त्यात लेन्सपुरतं भोक ठेवा. काचेतून काढायचंच असेल तर लेन्स काचेला टेकवा आणि काटकोनात धरा. तिरप्या काचेतून ७०-३०० कधीच स्पष्ट काढत नाही. सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला, तोही असाच आडोशात बसून आणि त्याच त्या घरट्यांवर महिनोन्‌महिने नजर ठेवून. कोकणातल्या पक्ष्याला घाई चालत नाही हे तेव्हाही खरं होतं.

कॅमेऱ्याचा बीप आणि फोकससाठी लागणारा छोटा दिवा बंद करा. मिररलेस असेल तर मूक शटर वापरा, पण फक्त बसलेल्या पक्ष्याला. बहुतेक कॅमेऱ्यांत मूक शटरने फडफडणारे पंख वाकडे, रबरासारखे येतात. फोकस सतत चालणाऱ्या मोडवर. पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती, नसेल तर एकच बिंदू आणि तो डोळ्यावर. तीन-तीन फोटोंचे छोटे झटके घ्या, त्यातला बहुधा दुसरा सगळ्यात स्थिर असतो. पुढेमागे मोठी लेन्स घेतलीच तर तिचं कमीत कमी फोकस अंतर आधी बघा. सिग्माची १५०-६०० काँटेम्पररी २.८ मीटरच्या आत फोकसच करत नाही, निकॉनची २००-५०० २.२ मीटरच्या आत नाही. अशा लेन्सवर फोकसची हद्द ठरवणारं बटण असतं. ते लांबच्या अंतरावर अडकलं की परसातला पक्षी काही केल्या पकडला जात नाही आणि लेन्स बिघडली असं वाटतं. एक्स्टेन्शन ट्यूबने (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) अंतर कमी होतं, पण ४०० मिमीवर २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की साधारण सात मीटरच्या पलीकडे फोकस जात नाही. परसाला तेवढं पुरतं.

ट्रायपॉड नसेल तर जुन्या जीन्सचा पाय कापून, दोन्ही टोकं शिवून त्यात दोन किलो तांदूळ भरा आणि पडवीच्या कठड्यावर ठेवा. तांदळात किडे होतात, पावसाळ्यापूर्वी रिकामा करा.

मोबाइलवाल्यांसाठी एक मार्ग. परळीपासून ४०-५० सेंटीमीटरवर छोट्या स्टँडवर फोन ठेवा, भोवती दोन पानं. फोकस आणि उजेड बोट दाबून धरून कुलूपबंद करा आणि ब्लूटूथच्या बटणाने लांबून क्लिक करा, किंवा ४के व्हिडिओ ६० फ्रेमवर चालू ठेवा. त्याची प्रत्येक फ्रेम सुमारे ८ मेगापिक्सेलची असते, वहीएवढ्या छपाईला चालते. पक्षी पुढे मोठा आणि मागे घर, माड, विहिरीचा रहाट, असा फोटो लांब लेन्सने येतच नाही.

घरट्याचे फोटो मात्र या सगळ्यातून वगळा. दयाळाची वीण मार्चपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत, बुलबुलाची त्याच्या आगेमागे, शिंजीर तर वर्षात कधीही पडवीतल्या तारेला कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं घरटं लटकवतो. आडवी येणारी दोन पानं फोटोसाठी कापली की पिलांवर ऊन येतं आणि कावळ्याला किंवा कुकुडकोंब्याला (भारद्वाजाला) वाट सापडते. पक्षी चोचीत किडा धरून लांबच घुटमळत असेल, बुलबुल शेंडी ताठ करून एकसारखा ओरडत असेल, किंवा दयाळ शेपटी उभारून खरखरीत कुरकुरत असेल तर तुम्ही घरट्याच्या वाटेत बसला आहात. उठा आणि निदान वीस मीटर लांब जा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं आणि पिंगळ्यावर फ्लॅश मारणं हेही त्याच यादीतलं. देशी पक्षी पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं किंवा घरटी-अंडी हलवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात पोपटही आला.

शेवटचं, किनाऱ्यावरच्या हवेबद्दल. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट अंगणात आणला की लेन्सवर वाफ धरते. पिशवीची चेन न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा, मग काढा. पुसत बसू नका, वाफ आतल्या काचेवरही असते. समुद्राच्या वाऱ्यात बसला असाल तर लेन्सवर मिठाची कणी असते. कोरड्या फडक्याने घासलं की काचेवर ओरखडा. आधी फुंकणीने उडवा, मग गोड्या पाण्यात किंचित ओल्या केलेल्या मऊ फडक्याने टिपा. जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात किंवा चामडी पिशवीत ठेवणं म्हणजे बुरशी पेरणं. रबरी कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. ३० च्या खालीही नको, लेन्समधलं वंगण आणि रबर वाळतं. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, पुन्हा निळं होतं. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर, सतत हलवत, आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. महिन्यातून एकदा लेन्समधून टॉर्च आरपार टाकून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती लेन्स त्याच दिवशी डब्यातून बाहेर काढा, दुसऱ्या लेन्सशेजारी ठेवू नका आणि लगेच साफ करायला द्या. तंतू काचेवरच्या लेपात उतरले की साफ केल्यावरही त्यांचे चरे राहतात.